कॉम्प्युटरवरची खंडणी आणि घरचा बॅकअप



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमात हमखास एक प्रश्न येतो : "आमच्या घरच्या कॉम्प्युटरमधून चोराला काय मिळणार?" चोराला आपल्या फायलींचा काही उपयोग नसेलही, पण आपल्याला त्या हव्या आहेत हे त्याला पक्कं ठाऊक असतं. 'रॅन्समवेअर' हा प्रोग्रॅम फायली जागच्या जागी कुलूपबंद करतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो.

हा धंदा जुना आहे. १९८९ साली एड्सविषयी माहिती म्हणून हजारो फ्लॉपी टपालाने पाठवल्या गेल्या. त्या वापरणाऱ्यांकडे पुढे पनामातल्या पत्त्यावर १८९ डॉलर पाठवण्याची मागणी झाली. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय'ने इंग्लंडमधल्या एनएचएसच्या किमान ८० ट्रस्टना फटका दिला. हजारो रुग्णांच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता!

पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या' आला. मर्स्क या जहाज कंपनीचं काम जगभर अडलं. आपल्या न्हावाशेवा बंदरातलं तिचं टर्मिनलही त्यात होतं. कंपनीच्या नेटवर्कच्या मुख्य नोंदींच्या प्रती अनेक सर्व्हरवर होत्या, पण सगळे एकमेकांना जोडलेले असल्याने सगळ्याच गेल्या. वाचली ती फक्त घानामधली, कारण तिथे त्या वेळी वीज गेली होती. म्हणजे जी प्रत जोडलेली नव्हती, तीच उपयोगी पडली.

घरासाठी नियम सोपा आहे : ३-२-१. महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

१. बाहेरची हार्ड डिस्क घ्या. महिन्यातून एकदा प्रत काढा आणि लगेच वायर काढून कपाटात ठेवा.

२. दुसरी प्रत क्लाउडवर ठेवा. मात्र नुसतं 'सिंक' म्हणजे बॅकअप नव्हे. कुलूपबंद झालेली फाईलही तिथे आपोआप जाते. जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय आहे ना, ते पाहा.

३. वर्षातून दोनदा एखादी फाईल परत आणून उघडून पाहा.

४. अपडेट पुढे ढकलू नका. अनोळखी ई-मेलमधली जोडफाईल उघडू नका.

हल्ला झालाच तर प्रथम इंटरनेट तोडा. पैसे भरण्याची घाई करू नका. भरूनही फायली परत मिळतीलच याची खात्री नसते. युरोपोल आणि डच पोलिसांच्या सहभागाने २०१६ साली सुरू झालेल्या 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमात काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात.

कराचे हिशेब, घराची कागदपत्रं, गावाकडच्या जमिनीचे उतारे पुन्हा मिळवता येतील, जरी हेलपाटे पडले तरी. आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग मात्र कुठल्याही कचेरीत मिळत नाही. तेव्हा बैल गेल्यावर झोपा करण्यापेक्षा येत्या रविवारी तासभर काढाच. काही अडलं तर पुढच्या कार्यक्रमात मला जरूर विचारा.