लांबी पाहिल्याशिवाय वाचू नकोस

हिंगणघाट

चि. सोनूस,

सेवाग्रामच्या कॉलेजात प्रोजेक्टसाठी तू यू-बूट या बूटलोडरचा ड्रायव्हर घेतलास, हे ताईनं सांगितलं. तुझा कोड वाचला. हात बरा बसलाय, पण डिव्हाइस ट्रीतली प्रॉपर्टी वाचताना तू पॉइंटर नल आहे का, एवढंच पाहतोस. तेवढ्यानं भागत नाही.

प्रॉपर्टी सापडली नाही तर एफडीटी_गेटप्रॉप हे फंक्शन नल देतं आणि लांबीच्या जागी ऋण एरर कोड ठेवतं. प्रॉपर्टी आहे पण रिकामी, तर पॉइंटर धडधाकट येतो आणि लांबी ०. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकाना कोरा म्हणजे बोजा नाही. उताराच नसेल तर काहीच कळत नाही. तसंच बसच्या नोडमधली 'रेंजेस' प्रॉपर्टी रिकामी असेल तर बसवरचे पत्ते वरच्या बसशी जसेच्या तसे जुळतात, मुळात नसेल तर पत्त्यांचा मेळच नाही.

खरी गोम पुढे आहे. रिकाम्या प्रॉपर्टीचा पॉइंटर डिव्हाइस ट्रीच्या बायनरी ब्लॉबमध्ये थेट पुढच्या टोकनवर बसतो. तिथले चार बाइट आकडा म्हणून वाचलेस, तर पुढे दुसरी प्रॉपर्टी असल्यास ३ येईल, उपनोड सुरू होत असल्यास १, नोड संपत असल्यास २. क्रॅश नाही, एरर नाही. चॅनलचा क्रमांक म्हणून सहज खपून जाईल असा आकडा! पुढे कोणी डिव्हाइस ट्रीच्या सोर्समधल्या (डीटीएस) ओळी वरखाली केल्या की बोर्ड रुसतो आणि सगळे हार्डवेअरला शिव्या घालतात. स्ट्रिंग म्हणून वाचलंस तर आणखी फसवं, कारण टोकनचा पहिला बाइट शून्य, म्हणून रिकामी स्ट्रिंग दिसते. खऱ्या रिकाम्या स्ट्रिंगची लांबी मात्र १ असते.

लांबी तपासतानाही सी भाषा दगा देते. लांबी इंट, साइझऑफ अनसाइन्ड. तुलनेत 'सापडली नाही' या एरर कोडचा, म्हणजे -१ चा, भलामोठा आकडा होतो आणि नल पॉइंटर तुझ्या तपासणीतून सुखरूप निसटतो. म्हणून आधी नल, मग लांबी. हो-नाहीच्या प्रॉपर्टीला ऑफनोड_रीड_बूल वापर, आकड्याला ऑफनोड_रीड_यू३२, आणि त्याचा रिटर्न कोड वाऱ्यावर सोडू नकोस.

बोर्ड आला नाही म्हणून अडून बसू नकोस. यू-बूटचा सँडबॉक्स लॅपटॉपवर चालतो. त्यात तीन नोड लिही: एकात प्रॉपर्टी नाही, एकात रिकामी, एकात दोनच बाइटांची. पोळ्याला येशील तेव्हा तिन्हींचं आउटपुट आण, बसून पाहू.

तुझा मामा