हरिपाठानंतरचा अर्धा तास : खर्च किती?

भजन संपलं, टाळ पिशवीत गेले, आणि दहा-बाराजणांनी आणखी अर्धा तास जातीवर बोलायला बसायचं ठरवलं, तर खिशाला किती चाट पडेल? कोल्हापूरच्या हिशेबानं सांगतो.

जागा फुकट, भजनाला उघडतं तेच समाजमंदिर. चहा दहा रुपये कप धरला, तर बाराजणांचे १२०. महिन्यातून दोनदा बसलात तर वर्षाचे २,८८०. झेरॉक्स, वही, पेनचे ५०० धरा. माणशी महिन्याला पंचवीस रुपयेसुद्धा होत नाहीत. सप्ताहाचा मांडववाला याहून जास्त ॲडव्हान्स मागतो.

पण चहा टपरीवरून मागवू नका. पाळीपाळीनं एकेकाच्या घरी करा. बोलायला आपण सगळेच शाहू महाराजांचे. दलित वस्तीतल्या घरी चहाची पाळी आली की कुणाची ॲसिडिटी जागी होते, कुणाचा उपवास निघतो. महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांना भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढायला मदत केली, स्वतः तिथं जाऊन चहा घेतला आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजला. पाळी कोण चुकवतो, एवढं वहीत लिहून ठेवा. पुढच्या बैठकीला विषय शोधावा लागत नाही.

विषय देवळाच्या कपाटातही आहेत. सप्ताहाची वर्गणी-वही काढा. कुठल्या गल्लीची पावतीच फाडलेली नाही? ‘त्यांच्याकडं मागायचं कसं’ ही सभ्यता नव्हे, वगळण्याची जुनी रीत आहे. मग वाढप्यांची यादी बघा, पालखीचा मान बघा. बायकांना जमेल ती वेळ ठेवा, नाहीतर निम्मं गाव बाहेरच राहील.

घरच्या कार्याची दक्षिणाही वाचू शकते. कोल्हापुरात १९११ साली सत्यशोधक समाज सुरू झाला. त्यातल्या भास्करराव जाधवांनी ‘घरचा पुरोहित’ हे पुस्तक लिहिलं, ते विधी घरच्यांनीच करावेत म्हणून.

आता कायद्याचं. अस्पृश्यता पाळून देवळात येऊ दिलं नाही, तर १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानं एक ते सहा महिने कैद आणि १०० ते ५०० रुपये दंड. वाळीत टाकलं, तर महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलिसांत गुन्हा नोंदवायला फी नाही आणि फिर्यादीला एफआयआरची प्रत मोफत मिळते. अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. गटातल्या कुणाच्या घरी आंतरजातीय लग्न ठरलं, तर ५०,००० रुपयांच्या सरकारी मदतीची चौकशी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करा. अटी आधी वाचा.

पहिल्या बैठकीला चहापत्ती नसली तरी चालेल, वर्गणी-वही मात्र आणा.