झोपताना अडतो, की उठताना?

पोरी, लिनक्सवरचा लॅपटॉप झाकण उघडल्यावर उठला नाही की पॉवरचं बटण दाबून धरायची घाई करू नकोस. त्या क्षणी जे कळतं ते बंद केल्यावर कळत नाही. कॅप्स लॉक दाबून दिवा लागतो का बघ. दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने आत शिरता येतंय का बघ. येत असेल तर कर्नल जागा आहे आणि दुखणं ग्राफिक्सचं आहे. एनव्हिडियाचं कार्ड आणि त्यांचाच ड्रायव्हर असेल, तर त्यांच्या सस्पेंड-रिझ्यूम सर्व्हिस चालू आहेत का, ते आधी तपास.

आत शिरता येत नसेल, तर रीस्टार्ट करून जर्नलसीटीएलने आधीच्या बूटची नोंद काढ. 'सस्पेंड एंट्री'ची ओळ असेल. 'सस्पेंड एक्झिट'ची नसेल, तर गाडं मध्येच अडलंय. पण शेवटची ओळ म्हणजेच गुन्हेगार, असं समजू नकोस. डिस्क आधीच झोपलेली असते, पुढचं लिहिलंच जात नाही.

मग खरी कामाची वस्तू म्हणजे पीएम-टेस्ट. सिसमधल्या पॉवर फोल्डरात ही फाइल असते. तिच्यात आधी 'फ्रीझर' लिही आणि सस्पेंड कर. मशीन पूर्ण झोपत नाही. तेवढ्याच टप्प्यापर्यंत जातं, 5 सेकंद थांबतं आणि परत येतं. नीट आलं तर 'डिव्हायसेस', मग 'प्लॅटफॉर्म', मग 'प्रोसेसर्स', शेवटी 'कोअर'. 'डिव्हायसेस'ला अडलं तर एखाद्या ड्रायव्हरचा दोष. वायफाय, ब्लूटूथ, कार्ड रीडर यांची मॉड्यूल एकेक करून काढ आणि पुन्हा बघ. दोन एकदम काढलीस तर काहीच सिद्ध होत नाही. काम झालं की फाइलमध्ये 'नन' लिहायला विसरू नकोस, नाहीतर लॅपटॉप खरा झोपणारच नाही. चाचणीआधी फायली सेव्ह कर. खरी झोप तपासताना दरवेळी झाकण उघडायचं नसेल तर आरटीसीवेकला 30 सेकंद दे. तो स्वतःच उठवतो.

त्याच फोल्डरात मेम-स्लीप आहे. कंसातला शब्द म्हणजे सध्याची झोप: एस-टू-आयडल किंवा डीप. डीपमध्ये रॅम सोडून जवळजवळ सगळं बंद होतं. एस-टू-आयडलमध्ये प्रोसेसरने स्वतःहून खोल उतरायचं असतं, आणि एखादं उपकरण त्याला उतरू देत नसेल तर बॅगेत लॅपटॉप तापतो, सकाळी बॅटरी रिकामी. नव्या कर्नलमध्ये सस्पेंड-स्टॅट्समधला लास्ट-एचडब्ल्यू-स्लीप हा आकडा बघ. शून्य असेल तर प्रोसेसर खोल गेलाच नाही. मेम-स्लीपमध्ये डीप दिसतच नसेल, तर फर्मवेअरने ती दिलेली नाही. कर्नलला बळेच सांगून उपयोग नाही. आधी एफडब्ल्यूयूपीडीने बायोस अपडेट आहे का पाहा.

झोपून लगेच जागा होत असेल तर प्रॉकमधल्या एसीपीआयच्या वेकअप फाइलमध्ये कोणाकोणाला उठवायची मुभा आहे ते दिसतं. बहुतेकदा यूएसबीचा कंट्रोलर निघतो. त्याचं नाव त्याच फाइलमध्ये लिहिलंस की मुभा जाते. रीस्टार्टनंतर ती परत येते, तेव्हा कायमची सोय सिस्टमडीच्या सर्व्हिसमध्ये कर.

हे सगळं करण्याआधी जुना एलटीएस कर्नल एकदा लावून बघशील तर बरं. त्यावर नीट चालत असेल तर नव्या कर्नलमध्ये काहीतरी बिघडलंय, आणि तुझ्या सेटिंगा उचकटायची गरज नाही. दुरुस्त होईपर्यंत लॅपटॉप बॅगेत टाकताना पूर्ण बंद करूनच टाक.