केसाळ अळ्यांची ओळख व त्यांचे खाद्य

खरीप पिकांवर पडणारे सर्वच सुरवंट एका जातीचे नसतात. जातीगणिक त्यांचे खाद्य व राहणी बदलते. म्हणून उपाय योजण्यापूर्वी जात ओळखणे अगत्याचे आहे.

(१) तांबडी केसाळ अळी : हिच्या अंगावर लांब, तांबूस-तपकिरी केस असतात. ज्वारी, बाजरी, भुईमूग, मूग व एरंडी ही पिके ती खाते. हिचे कोष जमिनीत राहतात. पहिल्या चांगल्या पावसानंतर पतंग बाहेर पडतात. त्यामुळे अळीची धाड कोवळ्या पिकावरच येते. उन्हाळ्यात खोल नांगरट केल्यास कोष उघडे पडून ऊन व पक्षी यांमुळे नष्ट होतात.

(२) बिहारी केसाळ अळी : हिच्या शरीराचा मध्यभाग पिवळसर व दोन्ही टोके काळसर असतात. सोयाबीन, सूर्यफूल, तीळ व उडीद हे तिचे खाद्य होय. अंडी पानाच्या खालच्या बाजूस पुंजक्याने असतात. लहान अळ्या एकत्र राहून पानातील हिरवा भाग खरवडतात व पान कागदासारखे दिसू लागते.

(३) शेवग्यावरील केसाळ अळी : ही घोळक्याने खोडावर बसते, साल खरवडते व पाने खाऊन झाड निष्पर्ण करते.

शेतात कागदी पान दिसताच ते अळ्यांसह तोडून साबणाच्या पाण्यात बुडवावे. अळ्या मोठ्या होऊन पांगल्या म्हणजे एका पानाचे काम साऱ्या शेताचे होऊन बसते. केसांमुळे त्वचेस खाज सुटते. यास्तव उघड्या हाताने अळ्या वेचू नयेत.