बाळंतीण आणि विद्यार्थिनी : एका दुहेरी जबाबदारीचे गणित

आपल्या बडोद्यातील अनेक मराठी कुटुंबांच्या लेकी-सुना आज अमेरिकेत आहेत. त्यांपैकी काहींनी तेथे गेल्यावर परिचारिकेचे शिक्षण घेण्याचे ठरविले आहे. कोणी येथून विज्ञानाची पदवी घेऊन गेलेली असते, तर कोणी वाणिज्य शाखेची. त्या देशात हा व्यवसाय प्रतिष्ठेचा असून त्यात स्वावलंबनाची खात्री आहे. मात्र ज्या वयात हे शिक्षण सुरू होते, त्याच वयात बहुधा पहिले मूलही होते. मग येथील आजी डॉक्टरांना विचारते, "बाळ अडीच महिन्यांचे आहे आणि हिचे कॉलेज सुरू होणार. हिला झेपेल का? का सोडायला सांगू?" स्त्रीरोगतज्ज्ञ या नात्याने हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर शास्त्राच्या आधारे मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. उत्तर थोडक्यात असे : शिक्षण सोडू नये, झोपही सोडू नये, एका सत्रात घ्यावयाच्या विषयांची संख्या मात्र निःसंकोच कमी करावी.

१. पूर्वविषय म्हणजे काय?

आपल्याकडे बारावीनंतर थेट नर्सिंग महाविद्यालयात प्रवेश मिळतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मुख्य अभ्यासक्रमाचा अर्ज करण्यापूर्वी किंवा तो सुरू होण्यापूर्वी काही विषय उत्तीर्ण व्हावे लागतात. त्यांना तेथे 'प्रिरिक्विझिट' म्हणतात. आपण पूर्वविषय म्हणू. शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राचे दोन भाग, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, मानवी विकासाचे मानसशास्त्र, इंग्रजी लेखन आणि पुष्कळ ठिकाणी आहारशास्त्र, अशी ही यादी असते. महाविद्यालयागणिक तीत थोडाफार फरक पडतो. विज्ञानाचे विषय प्रयोगशाळेसह साधारणतः चार क्रेडिटचे व इतर तीन क्रेडिटचे असतात.

हे विषय केवळ उत्तीर्ण होऊन भागत नाही. जागा मोजक्या आणि अर्जदार अधिक असल्याने गुणांवरून निवड होते. शिवाय अनेक महाविद्यालये पाच किंवा सात वर्षांपेक्षा जुने विज्ञानविषय ग्राह्य धरीत नाहीत. त्यामुळे 'लवकर उरकून टाकू' असे मुलीला वाटणे स्वाभाविक आहे. या घाईची किंमत किती, हे आधी मोजले पाहिजे.

२. आठवड्याचे १६८ तास

एका क्रेडिटसाठी आठवड्याला एक तास वर्ग आणि किमान दोन तास स्वतंत्र अभ्यास, असे तेथील केंद्रीय शासनाच्या व्याख्येचे स्थूल स्वरूप आहे. सत्र साधारण पंधरा आठवड्यांचे असते. शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र एकाच सत्रात घेतल्यास १५ क्रेडिट होतात, म्हणजे आठवड्याला सुमारे ४५ तास.

आता बाळाकडे पाहू. नवजात अर्भक चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पिते. दहा वेळा व प्रत्येक वेळी अर्धा तास धरला, तरी दिवसाचे पाच आणि आठवड्याचे ३५ तास होतात. आईची झोप रोज सात तास धरल्यास ४९ तास. या तिन्हींची बेरीज १२९ होते आणि १६८ पैकी ३९ तास उरतात. म्हणजे स्वयंपाक, स्नान, कपडे, बाळाची दुपटी, प्रवास, डॉक्टरांची भेट आणि आजारपण या सर्वांसाठी दिवसाकाठी साडेपाच तास. कागदावर हे बसते. प्रत्यक्षात बसत नाही, कारण त्या सात तासांच्या झोपेचे दर दोन-तीन तासांनी तुकडे होतात. बाळाचे दिवस-रात्रीचे चक्र बसण्यास दोन-तीन महिने लागतात. मग तूट कोठून भरून निघते? झोपेतून.

त्याऐवजी एक प्रयोगशाळेचा व एक बिनप्रयोगशाळेचा असे दोनच विषय, म्हणजे ७ क्रेडिट घेतल्यास अभ्यास २१ तासांवर येतो. आठवड्याला २४ तास, म्हणजे रोज जवळजवळ साडेतीन तास परत मिळतात. बाळाची भूक आणि आईच्या शरीराची गरज आपल्या हाती नाही. विषयांची संख्या मात्र हाती आहे.

माझ्या परिचयातील एका मुलीचे उदाहरण येथे बोधप्रद ठरेल. प्रसूतीनंतर दहाव्या आठवड्यात तिने १५ क्रेडिटचे सत्र सुरू केले. सहाव्या आठवड्यापर्यंत तिचे दूध कमी झाले होते आणि वाचलेले लक्षात राहत नव्हते. 'माझी बुद्धीच गेली' असे ती आईला म्हणाली. तिने मुदतीच्या आत दोन विषय मागे घेतले आणि उरलेल्या दोहोंत उत्तम गुण मिळविले. पूर्वविषय संपण्यास तिला एक सत्र अधिक लागले; प्रवेश मात्र मिळाला. बुद्धी कोठे गेलीच नव्हती, तिला झोप हवी होती.

३. विषयांचा क्रम

विषयांचा क्रम नीट लावल्यास निम्मे ओझे हलके होते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या सत्रात संख्याशास्त्र, मानसशास्त्र किंवा आहारशास्त्र घ्यावे. हे विषय पुष्कळ ठिकाणी घरबसल्या ऑनलाइन घेता येतात आणि त्यांना तीन-तीन तासांची प्रयोगशाळा नसते. शरीररचनेचा पहिला भाग त्यानंतर घ्यावा. दुसरा भाग व सूक्ष्मजीवशास्त्र त्याच्याही पुढे. एका सत्रात प्रयोगशाळेचा एकच विषय, हा नियम पहिल्या वर्षी पाळावा.

उन्हाळी सत्र सुटसुटीत वाटते; परंतु तेथे पंधरा आठवड्यांचा भाग सुमारे आठ आठवड्यांत शिकवितात. चार क्रेडिटचा विषय आठवड्याला १२ ऐवजी सुमारे साडेबावीस तास मागतो. तान्हे बाळ असताना शरीररचनेसाठी हा मार्ग टाळावा.

सत्राच्या पहिल्याच दिवशी विषय मागे घेण्याची अंतिम तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. मुदतीत मागे घेतलेला विषय सामान्यतः गुणांच्या सरासरीत धरत नाहीत. अनुत्तीर्ण झालेला धरतात. ग्राह्यतेची मुदत पाच वर्षांची असेल, तर दोन-अडीच वर्षांत शांतपणे पूर्ण केलेला क्रम तीत सहज बसतो.

४. शरीराची बाजू

सूतिकावस्था सहा आठवड्यांची, असे आपण शिकलो. परंतु अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयानेही २०१८ साली एकाच भेटीची जुनी पद्धत बदलली. पहिल्या तीन आठवड्यांत एकदा संपर्क आणि बारा आठवड्यांच्या आत सविस्तर तपासणी, अशी त्यांची शिफारस आहे. आपला सव्वा महिन्याचा विसावा या दृष्टीने मुळीच अवाजवी नव्हता.

स्तनपानाचे तत्त्व साधे आहे : स्तन जितके रिकामे होतात तितके दूध तयार होते. दूध साचून राहिले की निर्मिती मंदावते, गाठी होतात, प्रसंगी स्तनदाह होतो. म्हणून प्रयोगशाळेला निघण्यापूर्वी बाळाला पाजावे आणि ती संपताच दूध काढावे. साधारण तीन तासांचे अंतर ठेवावे. काढलेले दूध सामान्य तापमानात चार तास व शीतकपाटात चार दिवसांपर्यंत चालते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतील कोट घरी आणू नये, हात साबणाने स्वच्छ धुवावेत आणि दूध काढण्याचे साहित्य प्रयोगशाळेत नेऊच नये.

दूध नीट उतरू लागल्यावर, म्हणजे चार ते सहा आठवड्यांनंतर, रात्रीचे एक पाजणे काढलेल्या दुधावर पतीने सांभाळावे. आईला सलग चार-पाच तास झोप मिळते. रात्री प्रोलॅक्टिनचे प्रमाण अधिक असल्याने रात्रीची सर्व पाजणी मात्र बंद करू नयेत.

थकवा व विस्मरण यांचे खापर नेहमी अभ्यासावर फोडू नये. रक्तक्षय आणि प्रसूतीनंतरच्या वर्षभरात होणारा थायरॉइडचा दाह ही दोन्ही कारणे साध्या रक्ततपासणीत कळतात.

तिसरे कारण मनाचे. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी येणारे रडू दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढे टिकलेली उदासी हा आजार समजावा. गोव्यात झालेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले होते, म्हणजे जवळजवळ चौघींत एक. १९८७ सालची एडिंबरो प्रश्नावली दहाच प्रश्नांची आहे. तिचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे उत्तर 'कधीच नाही' याखेरीज काही असेल, तर एकूण गुण न पाहता त्याच दिवशी मदत मिळविली पाहिजे. अमेरिकेत २०२२ पासून त्यासाठी ९८८ हा तीन अंकी दूरध्वनी क्रमांक आहे. नातलगांनी तो ठाऊक करून घ्यावा.

५. तुटक वेळेचा अभ्यास

नव्या आईला सलग तीन तास मिळत नाहीत. वीस-वीस मिनिटांचे तुकडे मिळतात. सुदैवाने स्मरणशास्त्र येथे तिच्या बाजूचे आहे. २००६ साली रोडिगर व कार्पिक यांनी विद्यार्थ्यांच्या दोन पद्धतींची तुलना केली : उतारा पुन्हा वाचणे आणि न पाहता आठवून लिहिणे. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते.

वीस मिनिटांत एक प्रकरण वाचून होत नाही. पण बारा मस्तिष्क-चेतातंतूंची नावे व कार्ये आठवून लिहिणे सहज होते. हाडांच्या कोऱ्या आकृतीत नावे भरणे, हृदयातून रक्त कसे वाहते ते पतीला बोलून दाखविणे, प्रश्नपत्त्यांचा लहान गठ्ठा उलटणे, ही कामे तुकड्यांतच बसतात. आज केलेले दोन दिवसांनी व पुन्हा आठवड्याने विचारावे. नवा भाग वाचण्यासाठी मात्र आठवड्यातून दोन सलग वेळा राखून ठेवाव्यात आणि त्या वेळी बाळ दुसऱ्याच्या हाती असावे. रात्रीच्या पाजण्याच्या वेळी मोबाइलवर अभ्यास करू नये. उजेडाने व विचाराने पुढची झोप उडते. दिवसा शिकलेले पक्के होण्याचे कामही झोपेतच होते.

६. नियम आणि हक्क

विषय कमी करण्याआधी व्हिसा पाहावा. पतीच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर असलेल्या स्त्रीला पूर्णवेळ वा अर्धवेळ शिकता येते. विद्यार्थ्याची पत्नी म्हणून एफ-२ वर असलेलीला अर्धवेळच शिकता येते. स्वतः एफ-१ वर असलेलीला पूर्णवेळ, म्हणजे पदवीपूर्व स्तरावर सामान्यतः १२ क्रेडिट, घेणे बंधनकारक असते. वैद्यकीय कारणासाठी परवानाधारक डॉक्टरांच्या पत्रावर एकूण बारा महिन्यांपर्यंत सवलत मिळू शकते. मात्र विषय सोडण्याच्या आधी महाविद्यालयातील परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याची मंजुरी घेतली पाहिजे. आधी विषय सोडून मागून पत्र आणल्यास व्हिसाच धोक्यात येतो.

१९७२ चा 'टायटल नाइन' कायदा केंद्रीय अनुदान घेणाऱ्या महाविद्यालयांना लागू आहे. त्याच्या १९७५ च्या नियमांनुसार डॉक्टर आवश्यक म्हणतील तितकी बाळंतपणाची रजा देऊन विद्यार्थिनीला पूर्वीच्या स्थितीत परत घ्यावे लागते. २०२४ मध्ये केलेले अधिक विस्तृत नियम जानेवारी २०२५ मध्ये तेथील केंद्रीय न्यायालयाने रद्द केले. दूध काढण्यासाठी वेळ व जागा देणारा २०२२ चा कायदा नोकरी करणाऱ्यांसाठी आहे, विद्यार्थिनींसाठी नाही. म्हणून ही सोय सत्रापूर्वीच महाविद्यालयाकडे लेखी मागावी.

७. येथील आप्तांनी काय करावे?

आजीच्या प्रवासाची तारीख हा या नियोजनातील मोठा भाग आहे. पर्यटक व्हिसावर तेथे एका वेळी सामान्यतः सहा महिने राहता येते. बाळ मे महिन्यात होणार म्हणून एप्रिलच्या मध्यास गेलेली आजी ऑक्टोबरच्या मध्यास परतते. सत्र ऑगस्टअखेर सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपते, म्हणजे ऐन परीक्षेच्या तोंडावर घर रिकामे होते. दोन्हीकडच्या आज्यांनी एकदम जाण्याऐवजी पाठोपाठ जावे. पहिलीने बाळंतपण सांभाळावे, दुसरीने सत्र. डिंकाच्या लाडवांइतकीच बाळाला घेऊन बसण्याच्या तीन तासांची मुलीला गरज असते.

डॉक्टर मित्रांना विनंती अशी की, असा दूरध्वनी आल्यास येथून औषध सुचवू नये आणि 'हल्लीच्या मुली…' असेही म्हणू नये. चार प्रश्न विचारावेत : किती क्रेडिट घेतली आहेत? सलग झोप किती तास मिळते? बाळाचे वजन वाढते आहे का? कशातही आनंद वाटेनासा झाला आहे का? शेवटच्या प्रश्नाला 'हो' असे उत्तर आले, तर तिने तेथील डॉक्टरांची वेळ घेतली की नाही, हे दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून विचारावे.

आणि आईने मुलीला 'सोड' म्हणण्यापूर्वी 'यंदा दोनच विषय घे' म्हणून पाहावे. एक-दोन सत्रे उशिरा झालेल्या परिचारिकेला तिचे रुग्ण त्याविषयी विचारीत नाहीत. अर्ध्यावर सुटलेले शिक्षण मात्र पुढे बहुधा सुटलेलेच राहते.