संकोच आणि आरोग्य

स्त्रीरोग विभागात येणाऱ्या अनेक भगिनींना आजार नसतो. ‘आपले शरीर इतरांसारखे नाही’ ही भीती असते. आम्ही ताळेबंदाची माणसे, दोन्ही बाजू जुळल्याखेरीज आम्हांस चैन पडत नाही. शरीराला मात्र हा नियम नाही. जननांगाचे आतील ओष्ठ असमान वा गडद असणे स्वाभाविक आहे. स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न येथील ६५७ स्त्रियांच्या अभ्यासात (२०१८) त्यांची लांबी ५ ते १०० मिलिमीटर आढळली. प्रजननक्षम वयात योनिमार्गाचा सामू ३.८ ते ४.५ असतो. ही आम्लता तेथील उपकारक जीवाणू राखतात. साबणाने वा जंतुनाशकाने आतून धुतल्यास ती बिघडते. बाहेरून साधे पाणी पुरेसे. खाज, दुर्गंधी लपवू नये. रजोनिवृत्तीनंतर एकदाच, थेंबभर रक्तस्राव झाला तरी विनाविलंब तपासणीस यावे. गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते.