परसातील ब्रॉयलर कोंबड्या : आणण्यापूर्वी शेवट ठरवा

नांदेड व लातूर या शहरांच्या कडेने नव्या वसाहती वाढल्या आहेत. खेड्यांतून तेथे राहावयास आलेल्या पुष्कळ कुटुंबांस घरामागे थोडे परस असते, आणि गावी कोंबड्या पाळल्याची आठवणही असते. आपल्या घरापुरते मांस आपणच का तयार करू नये, असे त्यांच्या मनात येते. विचार चांगला आहे. परंतु गावरान कोंबडी व ब्रॉयलर यांच्या स्वभावात मोठे अंतर आहे. ते न जाणता काम आरंभिले तर पैसा जातो व मुक्या जीवाचे हाल होतात. यास्तव 25 पिल्लांचा पहिला प्रयत्न कसा करावा, ते आपण क्रमाने पाहू.

1. ब्रॉयलरचे शरीर. आपल्या देशातील असील कोंबड्यापासून इंग्लंडात कॉर्निश ही जात निपजली. पुढे अमेरिकेत तिचा प्लिमथ रॉक जातीशी संकर झाला, आणि 1948 साली तेथे उत्तम मांसल कोंबडीची मोठी स्पर्धा भरल्यापासून या कामास वेग आला. आज चाळीस ग्रॅमचे पिल्लू सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोंचे होते. मांस इतक्या त्वरेने वाढते, पण पाय व हृदय त्या मानाने बळकट होत नाहीत. गावरान कोंबडा सणापर्यंत ठेवता येतो. ब्रॉयलर तसा ठेवू गेल्यास तो लंगडतो, धापा टाकतो व बहुधा मरतो. म्हणून पिल्ले घरी येतील त्याच दिवशी कापण्याची तारीख ठरवून ठेवावी. ज्यांस ही घाई नको त्यांनी हैदराबादेत तयार झालेली वनराजा किंवा बंगळुरूची गिरिराजा ही सावकाश वाढणारी जात घ्यावी.

2. ऋतू. कोंबडीस घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते व अंगातील उष्णता बाहेर टाकते. मराठवाड्याचा एप्रिल-मे दोन किलोंच्या पक्ष्यास सोसत नाही. पाण्याचाही विचार करावा. हे पक्षी खाद्याच्या सुमारे दुप्पट पाणी पितात, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. ज्या लातुरास 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे हे सांगावयास नको. नाताळास मांस हवे असल्यास नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पिल्ले आणावीत. जानेवारीच्या मध्यानंतर नवी पिल्ले आणू नयेत.

3. ऊब. पहिला आठवडा सर्वांत नाजूक. जमिनीवर दोन इंच भाताचे तूस किंवा लाकडाचा जाड भुसा पसरावा. भोवती पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कडे करावे. कोपरा असला की पिल्ले तेथे दाटी करून गुदमरतात. वर बल्ब टांगून पिल्लांच्या उंचीवर सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब ठेवावी व दर आठवड्यास ती तीन अंश कमी करावी. पिल्ले बल्बखाली गोळा झाली तर त्यांस थंडी वाजते. दूर पळून चोच उघडली तर उष्णता अधिक. सारखी पसरून चरत असतील तर सर्व ठीक आहे. रात्री वीज गेल्यास कोंडलेल्या जागी शेगडी पेटवू नये. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून ठेवाव्यात.

4. खाद्य. एक पक्षी सहा आठवड्यांत सुमारे चार किलो खाद्य खातो. म्हणजे 25 पक्ष्यांस 50 किलोंची दोन पोती लागतील. आमच्या लातूर भागात सोयाबीन घरोघर असते, पण ते कच्चे घालणे घातक आहे. त्यातील एक द्रव्य पचनास अडथळा करते व वाढ खुंटविते. खाद्यात जी सोयाबीनची पेंड असते ती उष्णता देऊन निर्दोष केलेली असते.

5. रोग. मानमोडीवरील लसोटा लस पाचव्या ते सातव्या दिवसांत थेंबाथेंबाने डोळ्यात घालावी, व गंबोरोची लस चौदाव्या दिवसाच्या सुमारास द्यावी. लस बर्फात ठेवूनच आणावी. भुसा ओला झाला की रक्ती हगवण येते. म्हणून तो रोज हालवावा व ओला भाग काढून टाकावा. जानेवारी 2025 मध्ये उदगीर शहरात कावळे मेले ते बर्ड फ्लूने, हे विसरू नये. आपल्या आवारात जाळी लावून रानपक्षी दूर ठेवावेत. एकाएकी अनेक पक्षी मेल्यास ते खाऊ नयेत, विकू नयेत, नाल्यात टाकू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.

6. शेजारी व शेवट. सहा आठवड्यांचा ब्रॉयलर आरवत नाही, पण दुर्गंधी भिंत मानीत नाही. शेजारचे घर शाकाहारी असेल तर आधी त्यांच्याशी बोलावे, व नगरपालिकेचा नियम विचारून घ्यावा. कापणार कोण, हेही तेव्हाच ठरवावे. कोणास हलाल हवे, कोणास झटका. ज्याच्या घरी मांस द्यावयाचे त्यास विचारणे हे सौजन्य होय. कापण्यापूर्वी आठ-दहा तास खाद्य बंद ठेवावे, पाणी मात्र द्यावे. एका पक्ष्यासमोर दुसरा कापू नये. पिसे व आतडी खोल पुरावीत.

ज्या जिवाचे आयुष्य आपण सहा आठवड्यांचे ठरविले, त्यास ते सहा आठवडे ऊब, कोरडी जमीन व स्वच्छ पाणी मिळावे, एवढे त्याचे आपल्याकडे देणे आहे.

घरी विचार करण्याजोगे प्रश्न :
(1) आमच्या पिल्लांच्या कापण्याची तारीख ठरली आहे काय?
(2) त्या दिवशी हे काम कोणाच्या हाती आहे?
(3) मध्यरात्री वीज गेली तर उठून पाहणार कोण?
या तिहींचे उत्तर मिळाल्यावाचून पिल्ले सांगू नयेत.